जावळासाठी जर्मनी

आमच्याकडे पोराचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. पहिल्या वर्षी जमलं नाही तर तिसऱ्या, तिसऱ्यात नाही तर पाचव्या. मधल्या वर्षांत केसाला कात्री लावायची नाही. मामा परगावी असेल तर पोर झिपऱ्या वाढवून मामाची वाट पाहतं. माझ्या भाच्याला पाचवं लागलं होतं, आणि त्याचा एकुलता एक मामा, म्हणजे मी, वाशीमच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. भाचा जर्मनीत होता.

ही पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आम्ही नुकतेच राज्यांच्या फेररचनेत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो, बसल्या जागी. माझी मोठी बहीण, आमची अक्का, अनसिंगच्या शेतकऱ्याची लेक. तिला अकोल्याचा इंजिनियर नवरा मिळाला. कारखान्यानं त्याला शिकायला जर्मनीत पाठवलं आणि शिकता शिकता तिथेच नोकरीला ठेवून घेतलं. अक्का त्याच्यामागे गेली ती गेलीच. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. आमचे भाटवे माणूस भला, पण पत्रात हवामानापलीकडे काही लिहीत नसत. अक्काची पत्रं तर त्याहून गुळमुळीत. ‘आम्ही सर्व मजेत. बाळ मजेत. तुम्ही सर्व मजेत असाल.’ मायला अक्षरओळख नव्हती. पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर यायचं, शनिवारी दुपारची शाळा सुटली की मी सायकलनं पंधरा मैल अनसिंगला जायचो आणि तिला वाचून दाखवायचो. वाचून झालं की ती दर वेळी तेच म्हणायची.

“मजेतल्या मानसाले इतक्या वेळा मजेत लिवा लागते काय रे?”

“मग काय लिहायचं तिनं?”

“तिथं तिचं कोन आहे, थे लिवाव. ताप आला तं कपाळावर हात कोन ठेवते?”

“भाटवे आहेत की.”

“जवाई कारखान्यात जाते,” माय म्हणायची, आणि विषय संपायचा. पुढच्या पत्राला पुन्हा तोच.

खरं सांगायचं तर मला भाच्याच्या केसांची काही पडलेली नव्हती. आठ वर्षं मी फळ्यावर आल्प्स पर्वत काढत होतो. पांढऱ्या खडूनं बर्फ, तपकिरीनं उतार, निळ्यानं ऱ्हाईन नदी. आणि मी स्वतः चढलेला सगळ्यांत उंच डोंगर म्हणजे मालेगावच्या पुढे पातूरकडे उतरणारा घाट. पोरं विचारायची, गुरुजी, तिथं किती थंडी असते? मी पुस्तकातला आकडा सांगायचो आणि आतून चरफडायचो. मला तो आकडा अंगावर घ्यायचा होता.

पण माय सोडणार नव्हती. वडील गेलेले, मी एकटा मुलगा, तोही बिनलग्नाचा. “एक लेकरू त्या देशानं नेलं,” ती म्हणायची, “दुसरं मी आपल्या हातानं काहून देऊ?” मी भूगोल सांगितला, इतिहास सांगितला, रुसून दोन शनिवार घरी गेलो नाही. काही उपयोग झाला नाही. मग अक्काचं पत्र आलं की बाळाला पाचवं लागलंय, केस खांद्याखाली आलेत, बाजारात बाया त्याला मुलगी समजतात, आणि आता सुट्टी मिळून आमचं येणं काही दिसत नाही. माय चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसली. तिचा तिच्याशीच हिशेब चालला होता, आणि शेवटी जावळ जिंकलं.

“जाय,” ती म्हणाली. “भाच्याले मांडीवर घे, केस उतरव, अन् पोरीले डोयानं पाहून ये. पन कामासाठी जाय. फिराले जाशीन तं माह्या दाराशी येऊ नको.”

म्हणजे अट साफ होती. जावळ आहे तर युरोप आहे. जावळ नाही तर मी, माझा खडू आणि माझा फळा.

भाटव्यांनी जिनोआ बंदरापर्यंतचं जहाजाचं तिकीट काढून द्यायचं कबूल केलं आणि तिथून पुढे आगगाडीचं. मी कळवलं, आगगाडी नको, मी सायकल घेऊन येतो. इटली ओलांडतो, आल्प्स चढतो, आणि ऱ्हाईनच्या काठाकाठानं तुमच्या गावी उतरतो. नकाशावर दोरा ठेवून मी अंतर मोजलं होतं. दोरा वळणावळणानं नीट बसवला की अंतर वाढायचं, ताणला की कमी व्हायचं. मी थोडा ताणलाच. शाळेतल्या मास्तरांनी मला वेड्यात काढलं. मायला मात्र यात नवल काहीच वाटलं नाही.

“मंग? बहिनीच्या घरी भाऊ सायकलीनंच जाते,” ती म्हणाली. तिच्या लेखी अक्का मालेगावला दिली काय आणि जर्मनीला दिली काय, रस्ता तेवढा लांब.

सायकलीची जबाबदारी मी पाटणी चौकाकडच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीवर टाकली. वयानं साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू. त्यांनी आयुष्यात हिंगोलीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं, पण मी बेत सांगितला त्या क्षणापासून तो दौरा त्यांचाच झाला. त्यांनी माझी सायकल उभीच्या उभी खोलली, सगळे भाग घमेल्यातल्या रॉकेलमध्ये बुडवले आणि मला म्हणाले, “अब जोडो, मास्टर.” पहिल्या वेळी मला अख्खा रविवार लागला आणि शेवटी बेअरिंगचे सहा छर्रे हातात उरले. मिस्त्रींनी ते माझ्या तळहातावर मोजले. “ये छे छर्रे किसके वास्ते रखे? जर्मनीवाले दामाद के वास्ते?”

नंतर त्यांनी एक खोड काढली. मी सायकल न्यायला गेलो की ते कुठला तरी एक नट हळूच सैल करून ठेवायचे. कुठला ते सांगायचे नाहीत. गावाबाहेर पडल्यावर काहीतरी खडखडायला लागायचं आणि मी रस्त्यात बसून तो नट शोधायचो. आरंभी मला राग यायचा. एकदा पेडल निखळून मी सरळ बाभळीत गेलो आणि परत येऊन त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, काटे काढायला चिमटा दिला आणि म्हणाले, “वहाँ बाभूळ नहीं रहेगी तो कहाँ गिरोगे? यहीं गिर लो.” दोन महिन्यांत आवाजावरून मला रोग कळायला लागला. झोपेतही कळला असता.

मग बर्फाचा प्रश्न निघाला. माझ्या वाटेवर घाटमाथ्याला उन्हाळ्यापर्यंत बर्फ असतो हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. बर्फावर टायर धरतो की घसरतो? मला माहीत नव्हतं. पुस्तकात बर्फाची उंची होती, टायरचं काही नव्हतं. वाशीमला बर्फ यायचा तो अकोल्याहून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, सरबतवाल्याकडे. मिस्त्रींनी एका सकाळी त्याच्याकडून अख्खी लादी उचलून आणली, दुकानासमोर गोणपाटावर ठेवली आणि मला म्हणाले, चढाव. चौकातली माणसं गोळा झाली. मी लांबून सायकल पळवत आणली, डोळे मिटले आणि लादीवर घातली. लादी मधोमध फुटली, मी पलीकडे सुखरूप उतरलो, आणि जमलेल्या लोकांनी क्षणात तुकडे उचलून तोंडात घातले. मिस्त्री उरलेल्या चिखलाकडे पाहत राहिले. मग ठरवून म्हणाले, “बर्फ कच्चा था.” आम्ही तो प्रश्न भाटव्यांना लिहून विचारला. त्यांचं उत्तर आलं की बर्फावरून सायकल चालवू नये, हातात धरून चालावं. मिस्त्रींना ते फार साधं वाटलं.

ओझ्याचा सराव हवा म्हणून मी कॅरियरवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधून मालेगावपर्यंत जाऊन यायला लागलो. यात घोटाळा असा की आमच्याकडे सायकलवर ज्वारी म्हणजे दळण. दर गावात, दर चक्कीवर हाक.

“गुरुजी, दळन कुठी नेऊन राह्यले?”

“मालेगावला.”

“काहून? वाशीमच्या चक्क्या बंद पडल्या?”

येताना तीच ज्वारी तशीच अख्खी परत. मग तर विचारूच नका. महिन्याभरात असा बोभाटा झाला की वाशीमचा भूगोलाचा मास्तर इतका चिकित्सक आहे की त्याला बारा मैलांत कुठल्याच चक्कीचं पीठ पसंत नाही. एका चक्कीवाल्यानं तर मला अडवून त्याचं जातं उघडून दाखवलं. मी त्याला जर्मनी सांगायला गेलो तेव्हा त्याचा चेहरा पाहून थांबलो. दळणाची गोष्ट त्याला जास्त पटण्यासारखी होती.

पारपत्राच्या अर्जातही असाच घोळ. अर्ज इंग्रजीत, त्यात एक रकाना प्रवासाचं प्रयोजन काय म्हणून. मी सरळमार्गी माणूस, मी लिहिलं, भाच्याचे केस कापणे. अकोल्याच्या कचेरीतल्या कारकुनानं ते वाचलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “कटिंग कराले जर्मनी? अकोल्यात दुकान नाही काय?” मी जावळ सांगितलं. त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं आतल्याला. जावळ हे काम आहे की समारंभ, यावर तिघांची बोलाचाली झाली. आतला वयस्क होता. त्याची मुलगी रायपूरकडे दिलेली होती आणि तिच्या मुलाचं जावळ राहिलेलं होतं. त्यानं माझ्या हातून दुसरा अर्ज भरून घेतला, रकान्यात नातेवाइकांची भेट असं लिहायला लावलं आणि जाताना विचारलं, “तिसऱ्यात नाही झालं तं पाचव्यात चालते ना, हो?” मी म्हटलं, चालतं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात भाटव्यांनी नवीनच कळवलं: इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, लक्षात ठेवा. लक्षात ठेवून भागतं थोडंच? हाताला, हँडलला सवय पाहिजे. म्हणून मी अनसिंगच्या रस्त्यावर उजव्या बाजूनं जायला सुरुवात केली. मोटार दिवसाला एखादी, ती लांबून धुरळा उडवत यायची, तिची भीती नव्हती. भीती बैलांची निघाली. आमच्याकडचा गाडीवान झोपतो आणि बैल आपल्या बाजूनं गाडी घरी नेतात. एका दुपारी समोरून कडब्याची गाडी आली, बैल त्यांच्या बाजूनं, म्हणजे नेमके माझ्या अंगावर. मी हटलो नाही, कारण जर्मनीत मी बरोबर होतो. बैलही हटले नाहीत. शेवटी डावा बैल माझ्या हँडलला नाक लावून उभा राहिला. गाडी थांबल्यामुळे गाडीवान जागा झाला.

“मास्तर, बैलाले समजते, तुमाले नाही समजत?”

मी सायकलवरून उतरून त्याला सगळं सांगितलं. अक्का, भाटवे, उजवी बाजू. त्यानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं, तेवढा वेळ विचार केला.

“मंग तिथले बैलबी उजवीकूनच चालत असतीन?”

“असतील.”

“अन् एखादा इकडला बैल तिकडं नेला तं?”

मी तो प्रश्नही भाटव्यांना लिहिला. बिचाऱ्यांना हवामान सोडून कधी कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाठून विचारलं आणि उत्तर पाठवलं की बैल चार दिवसांत शिकतो, माणसाला वेळ लागतो. मी ते गाडीवानाला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, थे तं मले मालूमच होतं.

मायची तयारी वेगळीच चालली होती. सायकलला ओझं किती झेपतं हे तिला मान्यच नव्हतं. खारोड्या, कुरडया, तिळाची चटणी, मुगाच्या वड्या, अक्काला लुगडं, पोराला आंगडं. मी अर्ध्या वस्तू काढायचो, पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आत असायच्या. आणि भाकरी थापता थापता तिचे प्रश्न. तिथली नदी कोणत्या दिशेनं वाहते? उत्तरेकडे, मी सांगायचो. पाणी घरात येतं की आणावं लागतं? येतं. घर एकट्याचं की चाळीसारखं? तीन मजली, भाड्याचं, हे एका पत्रात होतं. मग वर कोण राहतं, खाली कोण? ते पत्रात नव्हतं. “इचार ना तिले,” माय म्हणायची. मी हो म्हणायचो आणि पत्र लिहायला बसलो की टायरचा आकार, घाटाची उंची, पंपाची तोंडं जुळतात का, हे विचारून कागद भरून जायचा. वर कोण, खाली कोण, हे दर वेळी राहून जायचं.

निघायला महिना राहिला होता. एका शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेत पत्र आलं. अक्काच्या हातचं, नेहमीपेक्षा जाड. मी ते शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभ्यानं उघडलं. पहिल्याच पानावर वाक्य होतं: बाळाचे केस कापावे लागले.

पुढचं मी भराभर नजरेखालून घातलं आणि पत्र खिशात कोंबलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. जावळ झालं. आता माय मला जाऊ देणार नाही. तिकीट निघालेलं, पारपत्र आलेलं, मला बैलासमोर उभं राहून उजवी बाजू पाठ झालेली, आणि हे. मला अक्काचा राग आला, भाच्याचा आला, कात्रीचाही आला. त्या संध्याकाळी अनसिंगला पोचलो तर मायनं पाण्याचा तांब्या देता देता विचारलं, “कागद आला?”

“नाही,” मी म्हटलं.

इतकं सहज निघालं तोंडातून. माय म्हणाली, येईन पुढच्या हप्त्यात, आणि आत गेली. पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी ज्वारी लादून घाटापर्यंत जायचो, जणू थांबलो तर कोणीतरी धरून ठेवेल. मिस्त्रींनी विचारलं, मास्टर, आवाज कहाँ से आ रहा? सायकलीतून येत नव्हता, एवढं त्यांना कळलं होतं. मी ज्वारीच्या पोत्याची दोरी आवळली आणि निघालो.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मायनं एक पांढरं, नवं, धुऊन वाळवलेलं फडकं काढलं आणि मला म्हणाली, बस, मांडी घाल. मी बसलो. तिनं ते माझ्या मांडीवर पसरलं, चारी बाजूंनी ओढून पाहिलं. केस जमिनीवर पडता कामा नयेत, सगळे या फडक्यात आले पाहिजेत, तिथं ते गोळा करून आणायचे आणि आपल्या नदीत सोडायचे, हे ती मला समजावून सांगत होती. “पोरगं हाललं तं असं धर,” म्हणून तिनं माझा हात धरून दाखवला. तिच्या मनात तो नातू माझ्या मांडीवर बसलेलाच होता. मला तिथं बसवेना.

“माय, जावळ झालं.”

तिचा हात तसाच राहिला. “कोनाचं?”

मी खिशातून पत्र काढलं. आता सगळंच वाचणं भाग होतं. अक्कानं लिहिलं होतं:

“आमच्या घरासमोर रस्त्याचं काम चालू आहे. बाळ खेळता खेळता डांबराच्या पिंपाशी गेला आणि केसांत इतकं डांबर माखून घेतलं की तेलानं, साबणानं, कशानंच निघेना. कात्री घेतली तर तो किंचाळून पळायला लागला. हे कामावर. मी एकटी. मला रडू आलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे म्हातारे वर आले. सुताराचं काम करायचे, लढाईनंतर त्यांचं कोणी उरलं नाही, एकटेच राहतात. गेल्या हिवाळ्यात मी न्युमोनियानं पडले होते, तुम्हाला लिहिलं नाही, तेव्हा रोज सूप करून तेच आणून द्यायचे. त्यांनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं तसा तो गप्प झाला. मी अर्धे केस कापले आणि माझ्या लक्षात आलं की ही जागा बाळाच्या मामाची आहे, आणि मला हुंदका आवरेना. त्यांनी विचारलं काय झालं. माझ्या मोडक्या भाषेत मी सांगितलं. मामा, मांडी, पाच वर्षं. त्यांनी ऐकलं, मला थांब म्हणाले, बाळाला खाली ठेवून जिना उतरून गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळानं परत आले ते दाढी करून, काळा कोट घालून, डोक्याला हॅट. देवळात जाताना घालतात तो कोट. खुर्चीवर ताठ बसले, बाळाला पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाले, आता कर.”

मी मान खाली घालून वाट पाहत होतो की ती आता म्हणेल, मग तुझं काम राहिलं नाही.

“कोट घालून आला?” तिनं विचारलं.

“हो.”

“पोरीनं सांगतलं होतं काय, कोट घाला म्हनून?”

“नाही. त्यांचे तेच गेले.”

“अन् ते सूप? बिमारीत? रोज?”

“रोज, लिहिलंय.”

“पुन्हा वाच थे.”

मी ते पान दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र असा मोकळा झाला होता, जो मी अक्का गेल्यापासून पाहिला नव्हता. तिनं माझ्या मांडीवरचं फडकं उचललं, घडी घातली आणि एकदम कामाला लागल्यासारखी बोलायला लागली.

“त्यानं मांडी देल्ली तं त्याले मामाचा मान द्या लागते. उद्या वाशीमले जाय अन् चांगला दुपट्टा आन, टोपी आन. हलका नको आनू.”

“म्हणजे मी जाऊ?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

“नाही तं मान कोन देईन? तुह्याहून मोठा आहे ना तो?”

“साठ-पासष्टचे असतील.”

“मंग तो थोरला मामा, तू धाकला. पह्यले त्याच्या पाया पड, मंग लेकराले उचल. समजलं?”

मला हसू आलं आणि छाती भरून आली, दोन्ही एकदमच. आठ दिवस मी ज्या वाक्याला भीत होतो, त्याच वाक्यानं मला पाठवायचं ठरवलं होतं. मी पत्राची घडी घालत होतो, मनातल्या मनात पुन्हा आल्प्स चढत होतो, आणि मायनं विचारलं,

“कागद कवा आला रे हा?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्याकडे इतक्या आनंदानं पाहत होती की जमलं नाही.

“मागच्या शनिवारी.”

“मागच्या शनवारी तं मी तुले इचारलं होतं.”

“हो.”

तिनं बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“आठ दिस,” ती म्हणाली. “माह्या पोरीपाशी मानूस आहे हे आठ दिस तुले मालूम होतं. अन् मी इथं रोज रातच्याले तिचा इचार करत निजत होती.”

बर्फावर टायर धरतो का, इकडचा बैल तिकडे नेला तर कोणत्या बाजूनं चालतो, हे सगळं मी समुद्रापलीकडून विचारून घेतलं होतं. हिला काय जाणून घ्यायचं होतं ते पाच वर्षं माझ्यासमोर भाकरी थापता थापता ती सांगत होती, आणि त्याचं उत्तर हातात आलं तेव्हा मी ते खिशात घालून घाट चढायला गेलो होतो. लिंबाखाली मी ते सूप वाचलं होतं, तो कोटही वाचला होता. मला त्यात फक्त माझं तिकीट बुडालेलं दिसलं. मला माझी फार लाज वाटली. पुढे वैशाखात मी निघालो, पोचलो, मायनं सांगितलं तसंच सगळं केलं. पण ती लाज काही घाटात पडून राहिली नाही, सोबतच आली.

त्या दुपारी मात्र मला एवढंच सुचलं. मी पत्र पुन्हा उघडलं आणि तिनं न सांगता पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, या खेपेला सावकाश.